ओमाहा हाय-लोमधील सीमान्त हात

पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या ओमाहा हाय-लो या प्रकारात, खेळावा की टाकून द्यावा याविषयी संदेह राहतो असा आरंभीच्या चार पानांचा हात. हा प्रकार 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेतील जुगारगृहांत रूढ झाला.

प्रत्येक खेळाडूस चार पाने झाकून मिळतात. मध्यभागी पाच सामायिक पाने उघडली जातात. प्रथम तीन, नंतर एकेक. हातातील नेमकी दोन व मधली नेमकी तीन पाने घेऊन संच जुळवावा लागतो. जमलेली निम्मी रक्कम उच्चसंचास व निम्मी लघुसंचास मिळते. लघुसंचात अठ्ठी किंवा तिच्या खालची, परस्परांहून भिन्न अशी पाच पाने लागतात व एक्का त्यांत सर्वांत लहान मानतात. असा संच कोणाचाच न जुळल्यास सर्व रक्कम उच्चसंचाची होते.

चार पानांतून सहा जोड्या निघत असल्याने नवख्यास जवळजवळ प्रत्येक हात खेळण्याजोगा वाटतो. वस्तुतः हाताची किंमत संपूर्ण रक्कम उचलण्याच्या संभवावर ठरते. एक्का-दुर्री व दोन असंबद्ध मोठी पाने हा हात याचे उत्तम उदाहरण होय. तो सर्वोत्तम लघुसंच देऊ शकतो. पण तीच जोडी दुसऱ्याकडेही असल्यास निम्म्याचे पुन्हा दोन भाग होतात. तिघांनी प्रत्येकी 100 रुपये लावले असता 300 रुपयांचा चतुर्थांश म्हणजे 75 रुपये हाती येतात. डाव जिंकूनही 25 रुपयांचा तोटा! शिवाय मध्ये दुर्री पडली, की हातातील दुर्री निरुपयोगी ठरते.

दुर्री-तिर्री-चौकी-पंजी या हातास मध्ये एक्का येणे आवश्यक असते. पहिल्या तीन पानांत तो येण्याचा संभव सुमारे 23 टक्के आहे. प्रतिस्पर्धी बहुधा एक्के धरूनच डावात राहतात, म्हणून प्रत्यक्षात तो आणखी कमी धरावा. एक्का आल्यास मात्र हात बळकट होतो, कारण एक पान मध्ये पुन्हा पडले तरी दुसरी लहान जोडी उरते. म्हणून तो स्वस्तात, शक्यतो शेवटी बोलण्याची पाळी असताना किंवा सक्तीची पैज आधीच भरलेली असताना, खेळतात. पहिल्या तीन पानांत एक्का न आल्यास सहसा सोडून देतात.

छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी हा दिसण्यात सर्वांत फसवा हात. मध्ये चौकी-पंजी-छक्की आल्यास सत्ती-अठ्ठीने उत्तम ओळ जुळते. परंतु तीच पाच पाने सर्वांत निकृष्ट लघुसंच होत असल्याने निम्मी रक्कम बहुधा दुसरीकडे जाते. नव्वी-दश्शी-गुलाम आल्यास सत्ती-अठ्ठीची ओळ राणी-राजाच्या ओळीपुढे हरते. याउलट दश्शी, गुलाम, राणी, राजा ही चार पाने त्याहून बरी. त्यांना अनुकूल अशी तीन मोठी पाने मध्ये आली, की लघुसंच अशक्य होतो आणि वाटणीचा प्रश्नच उरत नाही.