अस्वलांचा दरवाजा

स्कॉटलंडच्या दक्षिणेस ट्वीड नदीकाठी, इनरलीदन गावाजवळ, ट्रक्वेअर हाऊस हा जुना वाडा आहे. त्याच्या मुख्य दरवाजाच्या दोन्ही खांबांवर दगडी अस्वले बसवली आहेत. दरवाजा मात्र कायमचा बंद. १७४५ साली राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट येथून निघाला, तेव्हा पाचव्या अर्लने तो लावून घेतला आणि स्टुअर्ट राजा गादीवर बसेपर्यंत उघडणार नाही असा शब्द दिला, ही कथा सर्वतोमुखी आहे. दुसरी हकीकत घरगुती आहे. १७९६ साली सातव्या अर्लची पत्नी वारली. नवी काउंटेस येईपर्यंत दरवाजा उघडायचा नाही, असे त्याने ठरवले म्हणे. कोणती खरी, या वादात मी पडत नाही. दोन्ही अटी अपुऱ्याच राहिल्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्टुअर्ट परतले नाहीत. आठवा अर्ल १८६१ साली अविवाहितच वारला आणि पदवी त्याच्याबरोबर संपली.

वाड्याचे रूप समजायचे तर ही हरलेली निष्ठा ध्यानात घ्यावी लागते. १५६० साली स्कॉटलंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी आली, तरी हे घराणे पुढे कॅथलिक झाले. सर्वांत वरच्या मजल्यावर धर्मगुरूची खोली आहे. धाड आली तर निसटायला लपवलेला जिना. राजाही हरलेला, धर्मही निषिद्ध. अशा घराला दरबारी मानमरातब आणि पैसा कुठून मिळणार? अठराव्या शतकात शेजारचे उमराव विल्यम अॅडम आणि त्याच्या मुलांकडून आपली घरे समतोल, भव्य करून घेत होते. ट्रक्वेअरला तो थाट लाभला नाही. माझ्या मते तेच त्याचे भाग्य.

म्हणून इथे बांधकामाची वाढ उघडी दिसते. एका टोकाला जुना मनोरा. त्याला पिढ्यापिढ्यांनी दालने जोडली, मजले चढवले. खिडक्या लहान, आणि एकीची रेघ दुसरीशी जुळत नाही. सगळ्यावर चुन्याचा खरबरीत गिलावा आहे, त्यामुळे सांधे झाकले जातात आणि चार शतके एकच भिंत वाटतात. पहिल्या अर्लने तर पुराच्या भीतीने ट्वीडचे पात्रच दूर सरकवले. त्यापूर्वी नदी भिंतीलगत वाहत असे. शेवटची मोठी भर १६९०च्या दशकातली: जेम्स स्मिथने अंगणाच्या दोन बाजूंना बांधलेले बैठे सोपे. त्यानंतर बाह्यरूप फारसे बदललेले नाही.

घराण्याचे वंशज आजही तिथे राहतात. दरवाजापासून वाड्यापर्यंतच्या रुंद वाटेवर गवत आहे. घरचे काय, पाहुणे काय, सारे बाजूच्या रस्त्याने येतात.