पाव, बिअर आणि तुमचा जेनेटिक रिपोर्ट

लोअर परळची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे यीस्टची चंगळ! जुन्या मिलच्या आवारात क्राफ्ट बिअरचे ग्लास, बाहेर स्टेशनच्या वाटेवर वडापाव. दोन्हीकडे राबणारा गडी एकच. पण त्याची तिसरी नोकरी मला सगळ्यात भारी वाटते. तो माणसाचे जीन्स तपासून देतो!

हल्ली लग्नाआधी किंवा घरात कुणाला कॅन्सर झाला की आपल्या वयाची मंडळीही जेनेटिक टेस्ट करून घेतात. रिपोर्टमध्ये कधी कधी एक वैताग आणणारी ओळ असते, ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’. म्हणजे जीनमध्ये बदल आहे, पण तो घातक की निरुपद्रवी ते ठाऊक नाही. जगातल्या डेटाबेसमध्ये भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा, त्यामुळे आपल्या वाट्याला ही ओळ जास्त येते. ‘जीनोमइंडिया’ने १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी २०२५मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला. झकास! पण अक्षरं वाचली म्हणून अर्थ कळतोच असं नाही.

इथे यीस्ट मदतीला येतं. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांत सगळ्यात आधी, १९९६ साली, याचाच जीनोम पूर्ण वाचला गेला. जीन्स सुमारे ६,०००. पुढे एकेक जीन काढलेले हजारो वाण तयार झाले, प्रत्येकाला डीएनएचा बारकोड! आपल्या पवईच्या आयआयटीत पी. जे. भट यांनी यीस्टचे गॅलॅक्टोज पचवणारे जीन्स चालू-बंद कसे होतात यावर काम केलं, २००८मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं.

आता खरी गंमत. माणसातला सीबीएस जीन बिघडला की होमोसिस्टिन्युरिया होतो. डोळ्यातलं भिंग सरकतं, रक्तात गुठळ्या होतात. यीस्टचा तसाच जीन काढून माणसाचा घातला तरी त्याचं भागतं, हे १९९४मध्येच दिसलं होतं. २०२०मध्ये संशोधकांनी सीबीएसमधले हजारो बदल असे यीस्टमध्ये तपासले. युक्ती सोपी आहे. खाण्यातून सिस्टीन काढून घ्यायचं. जीन धड असेल तर यीस्ट वाढतं, बिघडलेला असेल तर अडतं. बी-६ जीवनसत्त्व वाढवल्यावर कुठला बदल सावरतो, तेही कळलं. काही पेशंटना हेच औषध लागू पडतं.

अर्थात, यीस्टकडे सगळ्याची उत्तरं नाहीत. स्तनांच्या कॅन्सरशी जोडलेला बीआरसीए-१ जीन त्याच्याकडे मुळात नाहीच.

तेव्हा बॉस, रिपोर्टमध्ये ‘अनसर्टन’ दिसलं की लगेच घाबरू नका, नेटवर शोधत बसू नका आणि तेवढ्यावरून ऑपरेशनचा निर्णय तर मुळीच घेऊ नका. जेनेटिक काउन्सेलरला भेटा आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच रिपोर्ट पुन्हा तपासायला सांगा. तोवर कुठल्यातरी लॅबमध्ये यीस्टने उत्तर दिलेलं असू शकतं.