खोडाळ्याच्या पावसाळी पाणथळी व एलिओकॅरिस

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळा परिसर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा आहे. पाऊस येथे मुबलक पडतो. परंतु उतार तीव्र व माती पातळ असल्यामुळे पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टंचाई जाणवते. उथळ खोलगट जागा व भातखाचरांच्या कडा मात्र पावसाळ्यात काही महिने पाणथळ राहतात. मुस्तक कुलातील (सायपेरेसी) एलिओकॅरिस ही अशाच अधिवासातील प्रजाती होय.

या प्रजातीत पानांना पाते नसते. खोडाच्या तळाशी केवळ नळीसारखी आवरके असतात व अन्ननिर्मिती हिरवे खोडच करते. खोडाच्या टोकाशी एकच कणिशक येते. फळ पिकल्यावरही किंजलाचा फुगीर तळ त्यावर टोपीप्रमाणे राहतो. ही टोपी, फळाचा पृष्ठभाग व त्याभोवतीचे राठ केस यांवरून जाती ओळखावयाच्या असतात. म्हणून नमुना पक्व फळांसह, पाणी ओसरू लागल्यावर गोळा करणे इष्ट.

यांतील वर्षायू जातींचे बी सुकलेल्या चिखलात पडून राहते, पावसाळ्यात रुजते, आणि जागा कोरडी पडण्यापूर्वी वनस्पती फळते. पाण्याचे भरणे व आटणे या दोन्ही गोष्टी तिला आवश्यक आहेत. खोलगट जागा बुजविली तर ओल जाते. ती खणून खोल तळे केले तर उथळ काठ व बियांनी युक्त असा मातीचा थर जातो. परिणाम उभयपक्षी एकच.

कायद्याचा आधारही येथे अपुरा पडतो. २०१७ च्या पाणथळ नियमांतील व्याख्येतून भातखाचरे वगळलेली आहेत. रामसर यादीत महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर, लोणार व ठाणे खाडी यांचा समावेश झाला. चार पावलांत ओलांडता येणाऱ्या डबक्यास असे स्थान लाभणे कठीण.

खोडाळ्यास पाणीसाठे हवेत, याविषयी दुमत नाही. प्रश्न जागेच्या निवडीचा आहे. एलिओकॅरिस वडूदी ही सह्याद्रीतील जाती २००९ साली, म्हणजे अगदी अलीकडे, शास्त्राला ज्ञात झाली. यास्तव तळ्यासाठी जागा ठरविण्यापूर्वी तेथील वनस्पतींची एका पूर्ण ऋतूत पाहणी व्हावी आणि काही उथळ पाणथळी जशाच्या तशा राखाव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे कार्य सहज हाती घेता येईल. त्यास भिंग, नमुने दाबण्याचे कागद व योग्य वेळ एवढेच साहित्य पुरते.