तणावजन्य हृत्स्नायुविकार : ईसीजीतील बदल व रुग्णाचे भवितव्य

जपानमध्ये ऑक्टोपस पकडण्यासाठी अरुंद गळ्याचे व फुगीर पोटाचे मडके समुद्रात सोडतात. त्यास 'ताकोत्सुबो' म्हणतात. १९९० मध्ये हिकारू सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या हृत्स्नायुविकारात डाव्या जवनिकेचे टोक आकुंचन न पावता फुगते आणि तिला नेमका या मडक्याचा आकार येतो; म्हणून हेच नाव विकारासही मिळाले. तीव्र तणावात स्रवणाऱ्या ॲड्रिनॅलिनसदृश संप्रेरकांचा हृत्स्नायूवर होणारा आघात हे याचे प्रमुख कारण मानले जाते. रुग्णांत सुमारे ९० टक्के स्त्रिया असून त्यांतील बहुतेक रजोनिवृत्तीनंतरच्या वयाच्या असतात.

पहिल्या दिवशीचा ईसीजी फसवा असतो. अनेक रुग्णांत छातीवरील लीडमध्ये एसटी खंड उंचावलेला दिसतो आणि चित्र हृदयविकाराच्या झटक्याचेच भासते. एव्हीआर लीडमध्ये एसटी खाली गेलेला असणे व व्ही-१ मध्ये तो उंचावलेला नसणे, ही खूण ताकोत्सुबोकडे निर्देश करते. परंतु केवळ तेवढ्यावर विसंबून अँजिओग्राफी टाळणे धोक्याचे ठरेल.

खरे वैशिष्ट्य पुढील दोन-तीन दिवसांत उमटते. एसटी खंड खाली येतो, टी तरंग खोलवर उलटे होतात आणि क्यूटी कालावधी लांबतो. उलटे टी तरंग पाहून धास्ती वाटते खरी. तथापि त्यांचा संबंध मुख्यत्वे स्नायूला आलेल्या सुजेशी असल्याचे एमआरआय अभ्यासांतून दिसून आले आहे. अधिक लक्ष द्यावयाचे ते क्यूटीकडे. तो ५०० मिलिसेकंदांपलीकडे गेल्यास 'टोर्साद द पॉइंट' हा प्राणघातक तालबिघाड संभवतो. काही प्रतिजैविके व मनोविकारांवरील काही औषधे क्यूटी आणखी लांबवितात, हे येथे विसरता येत नाही.

जवनिकेचे आकुंचन बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते. त्यामुळे हा विकार सौम्य समजला गेला, आणि 'भग्न हृदय' या काव्यमय नावाने त्या समजास बळच दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीतील १७५० रुग्णांची आकडेवारी वेगळे सांगते. रुग्णालयातील मृत्युप्रमाण ४.१ टक्के होते. शिवाय भावनिक आघात २७.७ टक्के रुग्णांतच आढळला. शस्त्रक्रिया, संसर्ग, श्वसनविकार यांसारखी शारीरिक कारणे ३६ टक्के रुग्णांत होती. शारीरिक कारण अथवा तीव्र मेंदूविकार असणाऱ्यांत गुंतागुंत अधिक दिसली. भवितव्य ठरते ते टी तरंगांच्या खोलीपेक्षा अशा मूळ आजारावर व पंपक्षमतेवर.

हृदयाचे कार्य सुधारल्यावरही टी तरंग कित्येक आठवडे, क्वचित महिने उलटेच राहतात. या काळात अन्य कारणाने ईसीजी काढल्यास नव्या झटक्याची शंका येऊ शकते. अशा वेळी तुलनेस आधीचा आलेख हाती असणे आवश्यक ठरते.