एका शिलिंगांत बाग

इंग्लंडांत १९२७ सालीं ६०९ खासगी बागा माणशीं एक शिलिंग घेऊन लोकांस खुल्या केल्या गेल्या. ८,००० पौंडांहून अधिक रक्कम घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या कार्यास मिळाली. ही प्रथा अद्यापि चालू आहे. कित्येक खेड्यांत तर एकाच दिवशीं, एकाच तिकिटावर, गांवांतील अनेक बागा पाहावयास मिळतात. वाड्याची हिरवळ तशीच लहानशा घरामागील वाटाण्याची ओळ. मालक स्वतः वाफ्याशीं उभा राहून खत, छाटणी, कीड यांविषयीं विचारील त्यास सांगतो. कलमाची जात शेजाऱ्यापासून लपविणाऱ्या आमच्या बागाईतदारांस याचें नवल वाटेल! चहा व रोपें विकून निधींत भर पडते. पाऊस लागला मात्र कीं वर्षाची मेहनत असूनही दारावर चिटपांखरूं फिरकत नाहीं.