शेपटीवर दुसऱ्याचं नाव

2020 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने एक काटछाट केली. तिची पन्नास आसनी एम्ब्रेअर 145 विमानं एक्सप्रेसजेट आणि कम्यूटएअर या दोन छोट्या कंपन्या चालवत होत्या. कोविडने प्रवासीच उरले नव्हते, तेव्हा दोघींपैकी एकच ठेवायचं ठरलं आणि युनायटेडने कम्यूटएअर निवडली. 30 सप्टेंबरला एक्सप्रेसजेटचं युनायटेडसाठीचं काम थांबलं. विशेष म्हणजे दोन्ही कंपन्यांत युनायटेडचं स्वतःचं भांडवल होतं. एक्सप्रेसजेटच्या वैमानिकांना घरी बसावं लागलं, ते त्यांच्या हातून काही चुकलं म्हणून नव्हे. एका मोठ्या कंपनीने एक कंत्राट पुढे चालवायचं नाही असं ठरवलं, एवढंच कारण त्याला पुरलं.

अमेरिकेतल्या प्रादेशिक विमान कंपन्या म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला एसटीच्या भाडेतत्त्वावरच्या शिवशाही बसवरून चटकन कळेल. गाडीवर नाव एसटीचं, तिकीट एसटीचं, ड्रायव्हर मात्र खासगी मालकाचा. तसंच तिथे विमानाच्या शेपटीवर युनायटेड, डेल्टा किंवा अमेरिकन एअरलाइन्सचं चिन्ह असतं, पण आतला कॅप्टन पगार घेतो स्कायवेस्ट, रिपब्लिक, एंडेव्हर किंवा पीएसए अशा कंपनीकडून. हा धंदा किरकोळ नाही. कोविडच्या आधी अमेरिकेतल्या नियमित प्रवासी उड्डाणांपैकी जवळपास 40 टक्के उड्डाणं याच कंपन्या करत. देशातल्या निम्म्याहून अधिक विमानतळांवर तर नियमित सेवा द्यायला दुसरं कुणीच जात नव्हतं.

मार्ग कुठला, वेळ कुठली, भाडं किती, हे सगळं मोठी कंपनी ठरवते. छोट्या कंपनीला विमान उडवण्याचे ठरलेले पैसे मिळतात, मग आसनं भरोत वा न भरोत. दिवस बरे असतात तोवर ही सोय झकास वाटते. पण कंत्राट संपलं की विमानं, मार्ग आणि काम एकदमच जातं. त्यात आणखी एक मेख आहे. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक युनियननी आपल्या करारांत कलम घालून घेतलं आहे की बाहेरच्या कंपनीला द्यायची विमानं साधारण 76 आसनांपेक्षा मोठी नसावीत. आपलं काम स्वस्तात बाहेर जाऊ नये ही त्यांची काळजी रास्तच आहे. मात्र त्यामुळे छोट्या कंपनीने कुठवर वाढायचं हे तिच्या वैमानिकांना मतच नसलेल्या वाटाघाटींत ठरतं.

कॉमएअरची गोष्ट याहून बोलकी आहे. सिनसिनाटीजवळची ही कंपनी 1977 पासूनची. अमेरिकेत पन्नास आसनी जेट विमानं सर्वांत आधी तिनेच आणली. पुढे डेल्टाने ती पूर्ण विकत घेतली. 2001 मध्ये तिच्या वैमानिकांनी 89 दिवस संप केला आणि चांगला करार पदरात पाडून घेतला. पुढच्या दशकात इंधन महागलं, पन्नास आसनी जेट परवडेनाशी झाली आणि 29 सप्टेंबर 2012 ला डेल्टाने कॉमएअर बंद केली. मालक डेल्टा असूनही या वैमानिकांना डेल्टाच्या यादीत आपोआप जागा नव्हती.

ही यादी म्हणजे सेवाज्येष्ठतेची यादी, आणि अमेरिकन वैमानिकाचं सगळं आयुष्य तिच्यावर टांगलेलं असतं. कंपनीत रुजू झालेल्या तारखेवरून नंबर मिळतो. कुठलं विमान, कुठलं शहर, कॅप्टनची जागा कधी, ख्रिसमसला घरी की हॉटेलात, सारं त्या नंबरावर. मंदी आली की वैमानिकांना बिनपगारी घरी बसवतात. त्यालाच तिकडे फर्लो म्हणतात. तोही यादीच्या तळापासून सुरू होतो, आणि परत बोलावणं येतं ते वरच्या क्रमाने. साहेबाच्या मर्जीला इथे वाव नाही, आणि हा या यादीचा गुण मोठा आहे. पण नंबर कंपनीच्या दाराबाहेर चालत नाही. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तर तो तिथे सर्वांत कनिष्ठ फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. कंपनी बुडाली तर वीस वर्षांची ज्येष्ठता तिच्यासोबत जाते. शल्यविशारदाला दुसऱ्या रुग्णालयात जाताना शिकाऊ व्हावं लागत नाही. वैमानिकाला मात्र पुन्हा पहिल्या पायरीवरून चढावं लागतं, आणि हे मला क्रूर वाटतं. साऱ्या देशासाठी एकच यादी करावी अशी कल्पना वैमानिकांच्या संघटनेत मांडली गेली होती, पण ती कागदावरच राहिली.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर हजारो वैमानिकांना फर्लो मिळाला. काहींना परतीचं बोलावणं यायला कित्येक वर्षं लागली. तेवढ्यात 2007 च्या डिसेंबरमध्ये निवृत्तीचं वय 60 वरून 65 झालं. वरच्यांना पाच वर्षं जास्त मिळाली आणि खालच्यांची वाट तितकीच लांबली. घरी बसलेल्यांपैकी काही परदेशी गेले. आखातातल्या आणि आशियातल्या कंपन्यांना तेव्हा तयार कॅप्टन हवेच होते, आणि भारतातही त्या दशकात नव्या कंपन्यांच्या विमानांत परदेशी कॅप्टन सर्रास दिसत.

पगाराची कथा तर अमेरिकन प्रवाशांना एका अपघातानंतरच कळली. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री कोल्गन एअरचं विमान न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जण गेले. वेग घटल्याचा इशारा मिळताच कॅप्टनने जे करायला हवं त्याच्या उलट केलं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पण सुनावणीत आणखीही बाहेर आलं. फर्स्ट ऑफिसरचा वार्षिक पगार सुमारे 16 हजार डॉलर होता. ती राहायची सिएटलजवळ, पालकांकडे, आणि तिची ड्यूटी सुरू व्हायची देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूअर्कला. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून प्रवास करत ती कामावर पोचली होती.

मृतांच्या नातेवाइकांनी हा विषय लावून धरला. त्यातून 2010 चा कायदा झाला आणि 2013 पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारण 1,500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. त्याआधी 250 तासांवर भागत असे. म्हणजे आता लाखभर डॉलर खर्चून शिकायचं, मग छोट्या विमानांवर विद्यार्थ्यांना शिकवत तास जमवायचे, आणि मग कुठे प्रादेशिक कंपनीचं दार उघडणार. कर्ज काढून एवढं केलेल्याला फर्लोची धास्ती किती वाटत असेल!

कोविडने ती धास्ती खरी केली. 14 एप्रिल 2020 ला अमेरिकेतल्या सगळ्या विमानतळांवर मिळून 90 हजारांहूनही कमी प्रवाशांची तपासणी झाली. वर्षापूर्वी त्याच दिवशी ती वीस लाखांच्या वर होती. त्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन भगिनी कंपन्या बंद पडल्या. वेतनासाठी सरकारने प्रवासी विमान कंपन्यांना 25 अब्ज डॉलरची मदत दिली आणि 30 सप्टेंबरपर्यंत कुणालाही सक्तीने घरी बसवू नये अशी अट घातली. मुदत संपताच 1 ऑक्टोबरला अमेरिकन आणि युनायटेड या दोघींनी मिळून तीस हजारांवर कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. डिसेंबरमध्ये दुसरी मदत आल्यावर त्यांना परत बोलावलं. एक्सप्रेसजेटने मात्र 2021 मध्ये नेवाडातल्या रीनो शहरातून ‘आहा!’ या नव्या नावाने स्वतःची सेवा सुरू करून पाहिली. तीही वर्षभरात दिवाळखोरीत गेली.

मग चक्र उलटं फिरलं. मोठ्या कंपन्यांनी साथीच्या काळात हजारो ज्येष्ठ वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली होती. प्रवासी परतले तेव्हा माणसं कमी पडली आणि त्यांनी प्रादेशिक कंपन्यांचे कॅप्टन उचलायला सुरुवात केली. मार्च 2022 मध्ये स्कायवेस्टने वैमानिक नाहीत म्हणून 29 लहान शहरांची सरकारी अनुदानावरची सेवा सोडत असल्याची नोटीस दिली. जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरला तासाला 90 डॉलर द्यायचं कबूल केलं. तेरा वर्षांपूर्वीच्या कोल्गनच्या पगाराशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. जी गोष्ट माणुसकीच्या नावाने होत नव्हती, ती टंचाईने काही महिन्यांत झाली.

त्या भरतीतून एक नवाच पेच निघाला. कॅप्टन व्हायचं तर नियमित प्रवासी सेवेत सहवैमानिक म्हणून 1,000 तास व्हावे लागतात. कॅप्टन भराभर मोठ्या कंपन्यांकडे गेले, मागे राहिले नवे फर्स्ट ऑफिसर. शेजारी बसायला कॅप्टन नाही, म्हणून त्यांची उड्डाणं कमी. उड्डाणं कमी, म्हणून तास जमेनात. तास नाहीत, म्हणून नवा कॅप्टन तयार होईना. नोकरी होती, पण पुढे सरकायची वाट बुजली होती.

2024 मध्ये वरचंही दार अरुंद झालं. जानेवारीत बोईंग 737 मॅक्स 9 चा एक दरवाजासारखा भाग हवेतच निखळला आणि नंतर बोईंगची नवी विमानं आणखी उशिरा मिळू लागली. विमानंच नाहीत तर वैमानिक कशाला, असं म्हणत युनायटेडने आपल्या वैमानिकांना स्वखुशीने बिनपगारी रजा घेण्याचं आवाहन केलं. साउथवेस्टने भरती आखडती घेतली, तर स्पिरिटने शेकडो वैमानिकांना थेट फर्लो दिला. वर भरती थांबली की प्रादेशिक कंपनीतली रांगही जागच्या जागी थिजते.

जून 2025 मध्ये फ्लोरिडातली सिल्व्हर एअरवेज बंद पडली. प्रवाशांनी विमानतळावर येऊ नये, हे कंपनीने समाजमाध्यमावरून कळवलं. त्याआधी एप्रिलमध्ये रिपब्लिक आणि मेसा या दोन जुन्या प्रादेशिक कंपन्यांनी एकत्र येण्याची घोषणा केली होती. अशा विलीनीकरणात दोन याद्यांची एक यादी करावी लागते. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएचे बहुतेक वैमानिक यादीच्या तळाशी गेले आणि पुढच्या मंदीत फर्लो झालेल्यांत त्यांचा भरणा मोठा होता. त्यातून धडा घेऊन 2007 मध्ये कायदा झाला: याद्या न्याय्य पद्धतीने जोडायच्या आणि तंटा सुटला नाही तर लवादाकडे न्यायचा. न्याय्य म्हणजे रुजू होण्याची तारीख धरायची की विमानातलं आजचं पद, हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही, आणि युनियनच्या वाटाघाटींत खरी ओढाताण होते ती याच प्रश्नावर.