एका कथेतील वर्णरेषा

अमेरिकेतील वर्णभेदाचा विचार करू लागलो की आपले लक्ष प्रथम कायद्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. रिचर्ड व मिल्ड्रेड लव्हिंग हे व्हर्जिनिया राज्यातले दांपत्य. नवरा गोरा, बायको काळ्या व मूळ अमेरिकन वंशाची. १९५८ साली त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. ह्या 'गुन्ह्या'बद्दल त्यांना एक वर्षाची कैद फर्मावण्यात आली. पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर ती तहकूब झाली. पुढे १२ जून १९६७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे एकमताने रद्द केले. त्या वेळी ते सोळा राज्यांत होते. लोकमतही पालटले. काळ्या-गोऱ्यांच्या विवाहास संमती देणारे लोक गॅलप संस्थेच्या पाहणीत १९५८ साली शेकडा ४ होते, ते २०२१ साली शेकडा ९४ झाले.

मग आता राहिले काय? आमच्या मते त्याचे उत्तर आकड्यांपेक्षा एक लघुकथा अधिक चांगले देते.

जुनो दिआझ हा लेखक डोमिनिकन प्रजासत्ताकात जन्मला आणि लहानपणीच न्यू जर्सीत आला. त्याची ही कथा १९९५ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढल्या वर्षी 'ड्राउन' ह्या संग्रहात आली. गव्हाळ, काळी, गोरी किंवा मिश्रवर्णी मुलगी असेल तर तिच्याशी 'डेटिंग' कसे करावे, असा तिच्या नावाचा अर्थ. डेटिंग म्हणजे तरुण-तरुणींनी ठरवून एकत्र फिरायला, जेवायला जाणे. साऱ्या कथेची रचना एखाद्या मार्गदर्शिकेसारखी आहे: हे करा, ते करू नका. घरची माणसे बाहेर गेली आहेत, मुलगी यायची आहे, आणि एक डोमिनिकन पोरगा स्वतःलाच सूचना देतो आहे.

पहिली सूचना काय असावी? फ्रिजमधले सरकारी चीज लपवावे! शिलकी दुधापासून केलेले चीज सरकारने विकत घेऊन साठवलेले असे. १९८१ पासून ते गोरगरिबांना फुकट वाटण्यात येऊ लागले. म्हणजे ते चीज हा दारिद्र्याचा दाखलाच. मुलगी जवळपासच्या गरीब वस्तीतली असेल, तर ते दुधामागे ढकलले तरी चालते. बड्या वस्तीतली असेल, तर ते चुलीवरच्या कपाटात गेले पाहिजे. त्यापाठोपाठ खेड्यातल्या नातलगांची छायाचित्रे जातात, आणि आफ्रिकी वळणाच्या केसांचे स्वतःचे छायाचित्रही जाते. मुलगी कोणत्या वर्णाची, ह्यावर कुठे जेवायचे, कोणत्या भाषेत मागवायचे, हेही ठरते.

ही कथा वाचून कित्येकजण रागावतात. मुलींची अशी रंगवार यादी करणे हे हीन नव्हे काय? आहेच, तो राग आम्ही खोटा मानीत नाही. परंतु यादी करणारा स्वतः त्याच यादीत कोठे बसतो, हेही पाहावयास हवे. गोऱ्या मुलीचे केस, कातडी, ओठ त्याला स्वतःच्यापेक्षा अधिक आवडतात, अशी कबुली तो देतो. तिला 'स्पॅनिश' मुले आवडतात. स्पेन त्याने कधी पाहिलेला नाही, तरी तो ते नाव मुकाट्याने घेतो. मिश्रवर्णी मुलीचे आईबाप नागरी हक्कांच्या चळवळीत भेटले. त्या काळी ते धाडस होते. त्यांच्या मुलीला मात्र काळ्यांबद्दल मनातून अढी आहे. कायद्यासाठी थोरांनी जे जिंकले, ते मुलांच्या मनापर्यंत अजून पोहोचलेले नाही.

म्हणून ह्या कथेला प्रतिसाद देताना 'मुलगी त्याला मिळाली का?' हा प्रश्न गौण ठरतो. त्याने काय काय लपवले आणि कोणाच्या नजरेला भिऊन लपवले, हा खरा प्रश्न आहे. दोन माणसे भेटण्यापूर्वीच त्यांतल्या एकाने आपले गाव, आपले नातलग आणि आपले केस घराबाहेर काढले असतील, तर ती भेट झाली कोणाची? मुलगी निघून जाते. आई परत येण्यापूर्वी चीज पुन्हा जागेवर ठेवावयाचे असते. आईने ते घरात आणले, त्यावर मुलांना पोसले. त्याची लाज वाटण्याची पाळी तिच्या मुलावर ज्या समाजाने आणली, त्याने कायद्यातली भिंत पाडली, तरी अर्धेच काम केले आहे. उरलेले अर्धे काम कोणतेही न्यायालय करून देणार नाही. ते आपल्या नजरेनेच करावयाचे आहे.